शहागंजच्या मुलींनी वल्हं हाती घ्यावं

छत्रपती संभाजीनगरच्या शहागंजातल्या एखाद्या मुलीनं विद्यापीठाच्या नौकानयन संघात जायचं म्हटलं, की घरचे आधी विचारतात, "आपल्याकडं पाणी कुठंय?" नळाची आठवडाभर वाट बघणाऱ्या शहरात हा प्रश्न रास्तच आहे. पण नौकानयनपटू दत्तू भोकनळ चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे. दुष्काळी गाव, वडिलांबरोबर विहिरी खोदायचं काम. २०१२ मध्ये सैन्यात गेल्यावर वल्हं हाती आलं, तेही पाण्याची भीती मोडून. २०१६ मध्ये ते रिओ ऑलिम्पिकला तेरावे आले. हा खेळ कॉलेजात आल्यावर सुरू केला तरी चालतो.

मुलींनो, आधी पोहायला शिका. तुम्हाला सिद्धार्थ उद्यानातला महापालिकेचा तलाव जवळ आहे. महिलांच्या बॅचची वेळ विचारून घ्या. नाथसागर जलाशय कितीही खुणावू दे, ते पक्षी अभयारण्य आहे, तिथं परस्पर होडी घालू नका.

दुसरं, रोइंग मशीन. बऱ्याच जिममध्ये ते असतं. पाहणाऱ्याला वाटतं, सगळा जोर दंडात. तसं नाही, जोर पायांचा. बैठक रुळांवर सरकते. गुडघे दुमडून पुढं यायचं, मग पाय टेकवायच्या पाटीला रेटा द्यायचा. पाय सरळ होत आले की कंबरेतून मागं झुकायचं, आणि शेवटी हात छातीकडं. परतताना उलट: आधी हात, मग कंबर, मग गुडघे. नव्या मुली हातच आधी ओढतात आणि मग पाठ धरली म्हणून सांगत येतात. महिनाभर वेगाकडं बघूच नका, हा क्रम अंगात मुरू द्या. शर्यत २००० मीटरची असते. ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांना १९७६ साली प्रवेश मिळाला तेव्हा १००० मीटरच दिले होते. पूर्ण अंतर १९८८ पासून. त्या बारा वर्षांचा मला आजही राग येतो.

पालकांना एक सांगणं. मुलीचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. ते कमी असलं, तर सराव करूनही दम लागतो आणि पोरगी स्वतःलाच दोष देत बसते. पाळीत सराव बंद करायचं कारण नाही. दुखत असेल तर तिनं प्रशिक्षकांना मोकळेपणानं सांगावं. तळहाताला फोड येतील, ते फोडू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. आंतरविद्यापीठ स्पर्धेला संघ विद्यापीठाच्या नावानं जातो, तेव्हा एकटीनं चौकशी करून परत येऊ नका. मागणारं कुणी नसेल, तर संघ बांधायला कुणी बसत नाही. पाच-सहा मैत्रिणी मिळून, सत्र सुरू होताच, कॉलेजच्या क्रीडा संचालकांकडं लेखी अर्ज द्या. प्रत्येकीला किती पोहता येतं आणि मशीनवर २००० मीटरला किती वेळ लागला, ते त्यात लिहा. पाण्यावरच्या सरावासाठी पुण्या-नाशकाला शिबिराची सोय करावी, हेही त्याच अर्जात मागा, आणि अर्जाची पोच घ्या.