स्मृतिभ्रंश झालेलीं माणसें आणि आपला न्याय
(महोत्सवाच्या आठवड्यांत, वृद्धांच्या दिवशीं केलेलें भाषण)



महोत्सवांतील आजचा दिवस आपण वृद्धांस दिला, हें योग्यच झालें. परंतु जे या मंडपांत येऊन बसूं शकले नाहींत, त्यांच्याविषयीं आम्हांस बोलावयाचें आहे. आणि त्याआधीं स्वतःची एक चूक कबूल करावयाची आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वीं, दुसऱ्या एका धर्मग्रामांत असतां, आजाऱ्यांस पवित्र कम्युनियन देण्यासाठीं आम्ही एका घरीं जात असूं. तेथील आजी जेवून उठली कीं ओटीवर बसून रडे, आणि मला कोणी जेवावयास घातलें नाहीं, अशी सुनेची कागाळी येणाऱ्याजाणाऱ्यास सांगे. शेजाऱ्यांनीं सुनेला बोल लाविला होताच. आम्हींही तिला बाजूस बोलावून 'बाई, सासूला थोडी माया द्या' असा उपदेश केला. ती कांहीं बोलली नाहीं. बादली उचलून मागील दारीं गेली. त्या बादलींत सासूचीं लुगडीं होतीं, आणि तें त्या सकाळचें तिसरें धुणें होतें, हें आम्हांस मागाहून कळलें.

आजीला म्हातारचळ लागला, असें लोक म्हणत. हा चळ नव्हे, मेंदूचा रोग आहे. १९०६ सालीं जर्मनींतील डॉक्टर आल्झायमर यांनीं त्याच्या एका प्रकाराचें वर्णन केलें. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणें आपल्या देशांत साठीपुढील अदमासें ८८ लाख माणसांस स्मृतिभ्रंश आहे. म्हणजे शंभरांत सातांहून अधिक, आणि त्यांतही खेड्यांत व स्त्रियांत जास्त. 'वयच झालें' म्हणून आपण डॉक्टरांकडे जात नाहीं. वास्तविक थायरॉईडच्या विकारानें किंवा बी-१२ जीवनसत्त्वाच्या उणीवेनेंही विसर पडूं लागतो, आणि त्यावर औषध आहे.

गोव्यांतील लोकांस या दुखण्याचें कारण विचारिलें असतां, घरच्यांची हेळसांड व प्रेमाचा अभाव, असें उत्तर मिळालें. हा अभ्यास २००१ सालीं प्रसिद्ध झाला. तो वाचतांना आम्हांस ती बादली आठवली. जी सेवा करिते तिच्यावरच दोष, हा कोणता न्याय?

सरकारनें २००७ सालीं आईबापांच्या पोषणाचा कायदा केला. २०२४ सालीं सत्तरीपुढील सर्वांस, कुटुंबामागें वर्षाला ५ लाखांपर्यंत, इस्पितळांतील उपचारांची सोय मंजूर केली. उत्तमच. पण या रोग्याला बहुधा इस्पितळांतील खाट लागत नाहीं. घरीं रात्रंदिवस जागणारें माणूस लागतें. त्या जागणाराचा खर्च व मोडलेली मजुरी कोण भरून देणार?

सिराकच्या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायांत, बापाची बुद्धि मंदावली तरी त्याला सांभाळून घ्यावें, असें सांगितलें आहे. तो उपदेश मुलाला आहे, हें आपण सोयीनें विसरतों. धुणें सुनेच्या वाट्याला, आणि मुलगा मंडप बांधावयास मोकळा!

गोव्यांतच दुसराही एक प्रयोग झाला. तो २००८ सालीं प्रसिद्ध झाला. ८१ कुटुंबांपैकीं निम्म्यांकडे सहा महिने शिकविलेलीं साधीं माणसें पाठविलीं. तीं डॉक्टर नव्हतीं. त्यांस एका आठवड्याचें शिक्षण दिलें होतें, आणि मागें मनोविकारतज्ज्ञाचा आधार होता. तीं घरीं येत, दुखणें समजावीत, रोग्याच्या रागाला कसें तोंड द्यावें तें सांगत, आणि सेवा करणाराचें ऐकून घेत. रोग बरा झाला नाहीं. पण सेवा करणारांच्या मनाचा भार स्पष्ट हलका झाला. एवढें तर आपल्या धर्मग्रामालाही जमण्यासारखें आहे.

येत्या रविवारपासून दुसऱ्या मिस्सानंतर धर्मगुरूंच्या निवासांत एक वही ठेवूं. आठवड्यांतून दोन तास अशा घरीं बसूं शकतील त्यांनीं तींत नांव घालावें. ज्या घरीं गरज आहे त्यांनीं आम्हांस एकांतांत सांगितलें तरी चालेल. पहिलें नांव आम्हीं आमचेंच घातलें आहे: मंगळवार, तीन ते पांच.