पिवळी, केशरी, लाल

औषधाच्या दुकानात फळीवर मागे सरकलेली खोकल्याची बाटली बहुधा मुदत संपल्यावरच हाती लागते. साठ्याची नोंद एक्सेलमध्ये असेल, तर ती शीटच आधी सावध करू शकते.

मुदतीच्या तारखांचा रकाना निवडा, कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये जा आणि सूत्राचा नियम लिहा. ‘टुडे’ हे फंक्शन रोज त्या दिवसाची तारीख देतं. मुदत उलटलेली असेल तर लाल, ३० दिवसांत संपणारी केशरी, ९० दिवसांतली पिवळी. लाल नियम सर्वांत वर हवा, कारण वरचा नियम आधी लागतो. मला पिवळा रंग सर्वांत मोलाचा वाटतो. तेव्हा माल खपवायला किंवा परतीची बोलणी करायला हातात दिवस असतात.

आता खाचाखोचा. रिकामा चौकोन अशा सूत्रात शून्य धरला जातो आणि लाल होतो, म्हणून ‘रिकामा नसेल तरच’ ही अट घाला. तारीख मजकूर म्हणून टाइप झाली असेल तर रंगच चढत नाही. ही चूक जास्त घातक, कारण ती दिसत नाही. शिवाय वेष्टनावर नुसतं ‘०३/२०२७’ छापलेलं असतं. आपल्याकडच्या औषधविषयक नियमांप्रमाणे ते औषध ३१ मार्चपर्यंत वापरता येतं, एक्सेल मात्र १ मार्च धरतं. ‘इओमंथ’ फंक्शन महिनाअखेर काढून देतं.

लाल-हिरवा फरक न ओळखणारं कुणी दुकानात असेल, तर शेजारी ‘उरलेले दिवस’ असा आकड्यांचा रकाना जरूर ठेवा.