उन्हाळ्यात झाडांना पाणी कसं द्यावं?

एप्रिल-मे महिन्यांत कळव्यातल्या सोसायट्यांची हिरवळ पिवळी पडू लागते. गॅलरीतली रोपंही माना टाकतात. आपण लगेच पाइप हातात घेतो... आणि चूक तिथेच होते. रोज वरवर शिंपडलेलं पाणी मातीचा वरचा थरच भिजवतं. मुळं त्या थरातच राहतात, आणि उन्हानं आधी वाळतो तोही तोच थर. म्हणून हिरवळीला रोज शिंपडू नका. दोन-तीन दिवसांआड द्या, पण खोल मुरेल असं द्या... आणि सकाळीच द्या.

कुणी म्हणेल, झाड दुपारी मलूल दिसतं, त्याचं काय? दुपारी पानांतून पाणी वेगानं उडतं. तितक्या वेगानं मुळांना ते ओढता येत नाही. त्यामुळे माती ओली असूनही पानं लोंबतात, आणि संध्याकाळी सावरतात. शंका असेल तर बोट मातीत खुपसा. ओल लागली... तर थांबा. छोट्या कुंड्या मात्र लवकर सुकतात. त्यांना रोज पाणी लागेलही. मग रात्री घालावं का? आपल्याकडे खाडीची दमट हवा. रात्रभर ओल्या राहिलेल्या पानांवर बुरशी धरते.

आणि पाणीकपात असेल तर? तेव्हा तर खोल पाणीच परवडतं, कारण वरवरचं उडून जातं. तांदूळ धुतलेलं पाणी कुंड्यांना चालतं. मातीवर पालापाचोळा पसरा. हिरवळ फार बारीक कापू नका, उंच पाती मातीवर सावली धरतात. तेव्हा श्रोतेहो, उद्या सकाळी पाणी घालण्याआधी... बोटानं माती तपासा.