मैदानावरील गुरूचा सन्मान कशाने व्हावा?

(बऱ्हाणपूर परिसरातील ग्रामस्थ, शिक्षक व अधिकारी यांच्यासाठी तयार केलेले भाषण)



शाळा-महाविद्यालयांच्या वार्षिक समारंभाचा क्रम सर्वांच्या परिचयाचा आहे. मंचावरील मेजावर चषक मांडलेले असतात, अहवालवाचन होते, विजयी खेळाडूंची नावे पुकारली जातात, आणि वेळ उरल्यास क्रीडाशिक्षकाच्या हाती शाल-श्रीफळ दिले जाते. त्याच्या वर्षभराच्या कार्याचे माप म्हणून चषकांची संख्या सांगितली जाते. ज्या वर्षी चषक येत नाहीत, त्या वर्षी बहुधा शालही येत नाही.

या प्रथेत कृतज्ञता आहे, याविषयी शंका नाही. परंतु तिचे माप अपुरे आहे. एखाद्या महाविद्यालयात एक हजार विद्यार्थी असतील, तर निरनिराळ्या संघांत मिळून फार तर शंभर जण खेळतात. उरलेल्या नऊशे जणांचे काय झाले, याचा उल्लेख अहवालात क्वचितच असतो. त्या नऊशे जणांपैकी किती जण मैदानावर आले, कोणाची भीड मोडली, कोण वाईट संगतीतून बाहेर आला, कोणी सुटीत आपल्या गावी जाऊन मुलांचा खेळ सुरू केला, या गोष्टींची नोंद होत नाही. विद्यार्थ्यांचा पाठीराखा आणि समाजाचा बांधणारा असा जो मैदानावरील गुरू, त्याचे खरे कार्य याच नोंद न झालेल्या भागात असते.

हा विचार केवळ कल्पनेचा नव्हे. त्याचे भक्कम उदाहरण बऱ्हाणपूरपासून फार दूर नाही. सातपुड्याच्या व मेळघाटाच्या पलीकडे असलेली अमरावती आज निराळ्या राज्यात आहे. तथापि 1956 च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत निमाड आणि वऱ्हाड हे दोन्ही प्रदेश नागपूर राजधानी असलेल्या एकाच राज्यकारभाराखाली होते. त्या अमरावतीत 1914 साली अंबादासपंत वैद्य व अनंतराव वैद्य या बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. त्याच सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोसारख्या देशी खेळाला नियमांची चौकट देण्याचे काम हाती घेतले होते. तरुणांनी शरीर कमवावे, शिस्त अंगी बाणवावी आणि एकत्र यावे, ही त्या काळाची मागणी होती.

आखाडा काढणे ही त्या काळीही नवलाची गोष्ट नव्हती. गावोगाव आखाडे होतेच. मंडळाचे वेगळेपण पुढच्या पावलात होते. 1924 च्या सुमारास मंडळाने उन्हाळ्याच्या सुटीत व्यायामशिक्षणाचे वर्ग सुरू केले आणि ठिकठिकाणचे तरुण व शिक्षक तेथे येऊ लागले. लाठी, लेझीम, मल्लखांब, कुस्ती, कबड्डी, खो-खो असे विषय शिकून ते आपापल्या गावी परतत. पहिलवान घडविणारा आखाडा एका गावापुरता राहतो, परंतु शिक्षक घडविणारी संस्था शेकडो गावांत पोहोचते. हुतात्मा शिवराम हरी राजगुरू यांनीही तरुण वयात या संस्थेत व्यायामाचे शिक्षण घेतले होते. पुढे 1967 साली मंडळाने शारीरिक शिक्षणाचे पदवी महाविद्यालय सुरू केले. अशा रीतीने आखाड्याची माती विद्यापीठीय शिक्षणापर्यंत येऊन पोहोचली. या संस्थेचा कार्यभार दीर्घकाळ वाहणारे प्रभाकर वैद्य यांना 2012 साली पद्मश्री देऊन गौरविण्यात आले.

या मंडळाच्या इतिहासातील 1936 सालची घटना आजच्या विषयाच्या दृष्टीने विशेष बोलकी आहे. त्या वर्षी बर्लिन येथे ऑलिंपिक सामने झाले. 15 ऑगस्ट 1936 रोजी ध्यानचंद यांच्या नेतृत्वाखालील भारतीय हॉकी संघाने जर्मनीचा 8–1 असा पराभव करून सुवर्णपदक मिळविले. हा विजय सर्वांना ठाऊक आहे, आणि असावयासही हवा. परंतु त्याच वेळी त्याच नगरात अमरावतीच्या मंडळाचे एक पथकही गेले होते. निरनिराळ्या देशांतील शारीरिक शिक्षणाच्या विद्यार्थ्यांसाठी भरविलेल्या शिबिरात ते सहभागी झाले आणि त्यांनी कबड्डी, खो-खो, मल्लखांब इत्यादी देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. हे पथक ऑलिंपिकच्या पदकासाठी गेले नव्हते. त्यामुळे त्याचे नाव पदकतालिकेत सापडणार नाही. तथापि परतून आलेल्या त्या मंडळींनी आणि त्यांच्या शिष्यांनी देशी खेळ जिवंत ठेवले. कबड्डीला 1990 साली बीजिंग येथील आशियाई सामन्यांत पदकाच्या खेळाचे स्थान मिळाले. जानेवारी 2025 मध्ये दिल्ली येथे खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली आणि भारताच्या पुरुष व महिला अशा दोन्ही संघांनी ती जिंकली. या विजयांच्या मुळाशी, ज्यांना स्वतःला कधी पदक मिळाले नाही अशा असंख्य क्रीडाशिक्षकांचे श्रम आहेत.

असा शिक्षक नेमके काय करतो, हेही पाहिले पाहिजे. तो सर्वांच्या आधी मैदानावर येतो. खडे वेचून घेतो, पाणी मारून घेतो, चुन्याच्या रेषा आखून घेतो, आणि हे सर्व विद्यार्थ्यांकडून करवून घेताना स्वतः त्यांच्या बरोबरीने वाकतो. हजेरी घेताना आलेल्यांपेक्षा न आलेल्यांकडे त्याचे अधिक लक्ष असते. तीन दिवस न दिसलेल्या मुलाच्या घरी तो सहज चौकशीला जातो, आणि तेथे त्याला कधी आजार, कधी फीची अडचण, तर कधी वडिलांची सुटलेली नोकरी दिसते. जो मुलगा खेळात कच्चा आहे, त्याच्या हाती तो गुणपत्रक किंवा शिट्टी देतो. पंच म्हणून उभा राहिलेला तो मुलगा महिनाभरात चारचौघांत बोलू लागतो. वर्गात शिक्षकासमोर न उघडणारे मन मैदानाच्या कडेला, घाम पुसता पुसता, सहज उघडते. मार्गदर्शन या भारदस्त शब्दाचा प्रत्यक्ष अर्थ तो एवढाच.

खो-खोच्या पाटीवर बसलेले खेळाडू पाळीपाळीने परस्परविरुद्ध दिशांना तोंड करून बसतात. पाठीमागून खो मिळाल्यावाचून कोणालाही उठता येत नाही, आणि मिळाल्यावर क्षणभरही बसून राहता येत नाही. एकट्याच्या वेगाने डाव साधत नाही. जात, भाषा, धर्म, श्रीमंती यांची ओळख त्या पाटीवर बाजूला राहते आणि खो देणाऱ्याचा आवाज तेवढा ओळखावा लागतो. समाजबांधणीचा याहून सोपा धडा कोणत्या पुस्तकात असेल?

मध्य प्रदेशासही ही परंपरा परकी नाही. शारीरिक शिक्षणाची पदवी देणारे लक्ष्मीबाई महाविद्यालय 17 ऑगस्ट 1957 रोजी ग्वाल्हेर येथे सुरू झाले. आज ती अभिमत विद्यापीठाचा दर्जा असलेली राष्ट्रीय संस्था आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी ज्या मल्लखांबाला नवे रूप दिले, त्याला मध्य प्रदेश शासनाने 2013 साली राज्यक्रीडेचा मान दिला. उज्जैनचे मल्लखांब प्रशिक्षक योगेश मालवीय यांना 2020 सालचा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. ऑलिंपिकमध्ये नसलेल्या खेळाच्या गुरूचाही राष्ट्रीय स्तरावर सन्मान होऊ शकतो, हे त्यातून दिसून आले.

द्रोणाचार्य पुरस्कार 1985 साली सुरू झाला. मध्य प्रदेश शासनाचा विश्वामित्र पुरस्कारही प्रशिक्षकांसाठीच आहे. हे पुरस्कार प्रामुख्याने उत्कृष्ट खेळाडू घडविणाऱ्यांना दिले जातात, आणि ते योग्यच आहे. राष्ट्रीय सेवा योजनेने मात्र आणखी एक वाट दाखविली. ही योजना 24 सप्टेंबर 1969 रोजी 37 विद्यापीठांत सुमारे 40,000 विद्यार्थ्यांसह सुरू झाली. तिच्यातील स्वयंसेवकाने दोन वर्षांत 240 तास सेवा करावी आणि सात दिवसांच्या विशेष शिबिरासाठी दत्तक गावात राहावे, अशी अपेक्षा असते. या योजनेचे राष्ट्रीय पुरस्कार 1993-94 पासून दिले जातात, आणि त्यांत स्वयंसेवकांबरोबर कार्यक्रम अधिकारी म्हणून काम करणाऱ्या प्राध्यापकांचाही गौरव होतो. तेथे स्पर्धेत कोण जिंकले हा प्रश्नच नसतो. हेच माप क्रीडांगणालाही लावता येईल.

बऱ्हाणपुरात या मापाची गरज अधिकच आहे. तापीकाठचे हे शहर विणकरांचे आहे. येथे मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती आणि निमाडी बोलणारी कुटुंबे शेजारी शेजारी राहतात. खकनार व नेपानगरच्या बाजूस कोरकू, भिलाला, बारेला या आदिवासी समाजांची वस्ती आहे. यंत्रमागावर काम करणाऱ्या घरांतील आणि केळीच्या बागांत राबणाऱ्या कुटुंबांतील तरुणांना मोकळा वेळ थोडा मिळतो, आणि तो कोठे घालवावा याचे सोयीचे ठिकाण त्याहून थोडे. मैदान नसेल तर हा वेळ पानाच्या टपरीपाशी अथवा मोबाईलच्या पडद्यापुढे जातो. निरनिराळ्या मोहल्ल्यांतील मुले एकमेकांना नावाने ओळखत नसली, म्हणजे एखादी क्षुल्लक अफवाही गावाला भारी पडते. एका पाटीवर बसलेली मुले मात्र परस्परांना ओळखतात. ती ओळख संकटाच्या वेळी उपयोगी पडते.

या शहराला ही गोष्ट समजावून सांगण्यासाठी दूरचा दाखला नको. खानखानान अब्दुर्रहीम यांच्या काळात, 1615 साली उभारलेला कुंडी भंडारा येथे आहे. सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्याने शंभराहून अधिक कुंड्यांतून शहराकडे आणले गेले. वरून पाहणाऱ्यास ठिकठिकाणी विहिरींची तोंडे तेवढी दिसतात. त्यांना जोडणारा प्रवाह दिसत नाही. क्रीडाशिक्षकाचे कामही याच जातीचे आहे.

या दृष्टीने काही गोष्टी तातडीने करण्याजोग्या आहेत, आणि त्यांस मोठा खर्च येत नाही.

पहिली गोष्ट वेळापत्रकाची. शारीरिक शिक्षणाचा तास गणित किंवा विज्ञान पूर्ण करण्यासाठी उसना घेण्याची पद्धत बंद व्हावी. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यासक्रम व अभ्यासक्रमेतर उपक्रम यांतील कडक विभागणी नाकारली आहे. मुख्याध्यापकांनी ते आपल्या वेळापत्रकात उतरवावे.

दुसरी गोष्ट मैदानाची. शाळेचे व महाविद्यालयाचे मैदान सायंकाळी ठरावीक वेळ गावातील तरुणांसाठी खुले ठेवावे. कारखान्याची पाळी संपवून येणाऱ्या मुलास सोयीची होईल अशी ती वेळ असावी. मुलींसाठी स्वतंत्र वेळ, पुरेसा उजेड आणि शक्य तेथे महिला मार्गदर्शक यांची व्यवस्था झाल्यावाचून मैदान सर्वांचे झाले, असे म्हणता येणार नाही. ग्रामपंचायतींनी खेळासाठी राखलेल्या जागेवर अतिक्रमण होऊ देऊ नये. एकदा गेलेले मैदान सहसा परत मिळत नाही.

तिसरी गोष्ट नोंदीची. क्रीडाशिक्षकाच्या वार्षिक अहवालात चषकांबरोबर आणखी चार रकाने असावेत: मैदानावर नियमित येणाऱ्या एकूण विद्यार्थ्यांची संख्या, त्यांपैकी मुली किती, पंच, गणनाधिकारी व गटप्रमुख म्हणून तयार झालेले विद्यार्थी किती, आणि किती माजी विद्यार्थ्यांनी आपल्या गावी खेळ अथवा सेवाकार्य सुरू केले. अधिकाऱ्यांनी तपासणीच्या वेळी हे रकाने आवर्जून पाहावेत.

चौथी गोष्ट सत्काराची. शाल-श्रीफळ अवश्य द्यावे. मात्र ते देताना गुरूविषयी बोलण्याचा मान त्याच्या अशा एखाद्या विद्यार्थ्यास द्यावा, ज्याने कधीही चषक जिंकला नाही. तो विद्यार्थी आज यंत्रमागावर असेल, शेतावर असेल, शिक्षक किंवा पोलीस शिपाई असेल. त्याच्या दोन साध्या वाक्यांतून सभेला जे कळेल, ते मानपत्रातील अलंकारिक भाषेने कळणार नाही.

अमरावतीच्या वैद्य बंधूंनी 1914 साली आरंभ केला, तेव्हा त्यांच्यापाशी विद्यापीठ नव्हते. गावची मुले होती, थोडी माती होती आणि रोज वेळेवर येण्याचा निश्चय होता. यांतील पहिल्या दोन गोष्टी बऱ्हाणपुरातील प्रत्येक मोहल्ल्यात आणि आसपासच्या प्रत्येक खेड्यात आजही उपलब्ध आहेत. तिसरी ज्यांच्यापाशी आहे असे शिक्षकही येथे आहेत. त्यांना ओळखणे, त्यांचा तास, त्यांचे मैदान व त्यांचा मान राखणे, एवढे काम समाजाने व शासनाने मिळून करावयाचे आहे.