अणुविजेचं बिल कोणाच्या नावावर?



मंडळाने मला ‘सरकार आणि अणुऊर्जा’ असा भारदस्त विषय दिला. मी इंजिनियर असलो तरी अणुभट्टीतला नाही, त्यामुळे सुरुवात घरच्या विजेच्या बिलापासून करतो. आम्हा जॉर्जियावाल्यांच्या बिलावर बरीच वर्षं एक जादा ओळ असायची: अणुप्रकल्पाच्या बांधकामाची वसुली. व्होगल इथल्या दोन नव्या भट्ट्यांसाठी उभारलेल्या भांडवलाचा खर्च वीज तयार होण्याआधीच ग्राहकांकडून घ्यायचा, असा कायदाच राज्याने 2009 साली केला. जेवण कधी वाढणार हे न सांगता खाणावळीने पैसे आधी घ्यावेत, तसं. मीही मुकाट्याने भरले.

वॉशिंग्टनने 12 अब्ज डॉलरच्या कर्जाला हमी दिली ती वेगळीच. सुरुवातीचा अंदाज 14 अब्जांचा होता. 2017 मध्ये वेस्टिंगहाउसने दिवाळखोरी जाहीर केली आणि 2024 मध्ये दुसरी भट्टी सुरू होईपर्यंत खर्च 30 अब्जांपलीकडे गेला. शेजारच्या साउथ कॅरोलायनात अशाच दोन भट्ट्यांचं काम 2017 मध्ये अर्धवट सोडलं. वीज नाही, वसुली मात्र चालू!

मी अणुविजेच्या विरोधात नाही. व्होगलची वीज आज रात्रंदिवस येते, कोळसा न जाळता. सरकारी पाठबळही नवीन नाही. 1969 साली सुरू झालेलं आपलं तारापूर अमेरिकी सरकारच्या कर्जातूनच उभं राहिलं. माझा प्रश्न एवढाच आहे, की पाठबळ देताना धोका कोणाच्या खांद्यावर टाकला जातो?

माझं आजोळ राजापूर तालुक्यातलं, जैतापूरच्या अंगाचं. तिथे 1650 मेगावॉटच्या सहा फ्रेंच भट्ट्या व्हायच्या आहेत, एकूण 9900 मेगावॉट. जमिनी गेल्या, एप्रिल 2011 मध्ये आंदोलकांवर गोळीबार होऊन एक माणूस गेला, भट्टी अजून एकही उभी नाही. मामेभावाने परवा फोनवर विचारलं, “तुमच्याकडे अपघात झाला तर भरपाई कोण देतं रे?”

उत्तर शोधावं लागलं. अमेरिकेत 1957 च्या प्राइस-अँडरसन कायद्याने कंपनीच्या जबाबदारीवर मर्यादा घातली, पण सगळ्या भट्टीचालकांनी मिळून भरायचा निधी आज सुमारे 16 अब्ज डॉलरपर्यंत जातो. भारतात 2010 साली, भोपाळच्या निकालाने लोक संतापलेले असताना, जो कायदा झाला त्यात सदोष यंत्र पुरवणाऱ्याकडूनही वसुली करण्याची तरतूद होती. परदेशी कंपन्यांना ती कधीच रुचली नाही. डिसेंबर 2025 च्या ‘शांती’ कायद्याने ती काढली आणि खासगी कंपन्यांना दार उघडलं. सर्वांत मोठ्या भट्टीच्या चालकावरची कमाल जबाबदारी 3000 कोटी रुपये, म्हणजे एका अब्ज डॉलरचा जेमतेम तिसरा हिस्सा. त्यापुढचा भार सरकारवर, म्हणजे करदात्यावर.

2047 पर्यंत 100 गिगावॉटचं उद्दिष्ट आहे. आपल्यातले काही जण ज्या कंपन्यांत नोकरी करतात, त्यांनाही या बाजारात रस आहे. बोलायला अवघड जातं, मला ठाऊक आहे. तरी एक निवेदन लिहून आणलंय. प्रत्येक प्रकल्पाचा खर्च, सरकारी हमी आणि भरपाईचा हिशेब मराठीतून आधी गावापुढे ठेवावा, एवढीच त्यात मागणी आहे. प्रती दाराशी, चहाच्या टेबलावर आहेत. वाचा, पटलं तरच सही करा. मामेभावाला रविवारी फोन करायचाय.