मधूनच तापणारी मोटार

रोज न चुकता तापणाऱ्या मोटारीचे दुखणे शोधणे फारसे अवघड नसते. खरी पंचाईत करते ती पंधरवड्यातून एखाद्या वेळी तापणारी जुनी गाडी. घरातून निघताना काटा जागच्या जागी असतो, आणि खोपोली सोडून बोरघाट चढू लागावे तोच बॉनेटखालून वाफ! दुसऱ्या दिवशी गॅरेजात तासभर इंजिन चालू ठेवले तरी ते शांतच. मग मिस्त्री अंदाजाने एकेक भाग बदलू लागतो, आणि टॅक्सीवर पोट असलेल्या मालकाचे बिलही वाढते व भाडेही बुडते.

ॲम्बॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले, तरी तिच्यासारख्या गाड्या जपणारे लोक आजही आहेत. त्यांना माझी विनंती अशी, की हत्यारांची पेटी उघडण्यापूर्वी वही उघडावी. गाडी तापली ती उभी असता की धावताना, सपाटीवर की चढावर, पाणी किती कमी झाले होते, हे लिहून ठेवावे. मधूनच होणारा बिघाड लहरी भासतो. पण त्याच्याही वेळा ठरलेल्या असतात.

गर्दीत उभी असता तापणारी आणि मोकळ्या रस्त्यावर निवणारी गाडी असेल, तर हवेचा संशय घ्यावा. उभ्या गाडीला वारा मिळतो तो केवळ पंख्याचा. त्याचा पट्टा सैल किंवा गुळगुळीत झालेला असतो, नाहीतर रेडिएटरच्या जाळीत धूळ आणि किडे बसलेले असतात. उलट, गर्दीत ठीक पण वेगात किंवा चढावर तापत असेल, तर पाणी पुरेसे फिरत नाही, असे समजावे. विहिरीचे जड पाणी वर्षानुवर्षे ओतल्याने रेडिएटरच्या नळ्यांत क्षारांचा थर बसतो. गाडी तापल्यावर इंजिन बंद करून रेडिएटरवर जपून हात फिरवावा. जो भाग गार लागेल, तेथील नळ्या तुंबल्या आहेत. आणखी एक फसवी जागा म्हणजे रेडिएटरच्या तळाचा रबरी होस. पंप त्यातून पाणी ओढतो. रबर मऊ पडले असेल तर वेगात तो होस चिमटतो, आणि गाडी थांबताच पुन्हा फुगून निरपराध दिसू लागतो! उभ्या गाडीत ॲक्सिलरेटर दाबून पाहिल्याखेरीज ही चोरी सापडत नाही.

कोणताच नियम दिसत नसेल तर थर्मोस्टॅट तपासावा. तो काढून पातेल्यातल्या पाण्यात टांगावा आणि पाणी तापवावे. बहुतेक थर्मोस्टॅट सुमारे ८२ अंश सेल्सिअसला उघडू लागतात. अडखळत उघडला तर नवा बसवावा. तो काढूनच टाकण्याची आपल्याकडील रीत मला पसंत नाही. त्याने इंजिन सदा थंड राहते आणि झिजते.

रेडिएटरच्या झाकणाकडे तर कोणी पाहतच नाही. ७ पौंड दाब धरणाऱ्या झाकणाखाली समुद्रसपाटीला पाणी सुमारे १११ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचे रबर गेले की ते शंभरालाच उकळते, आणि महाबळेश्वरच्या उंचीवर तर ९५-९६ अंशांनाच.

पाणी गळताना दिसत नाही, तरी कमी होते, आणि सकाळी झाकण उघडे ठेवून थंड इंजिन सुरू करताच रेडिएटरात एकसारखे बुडबुडे येतात, असे असेल तर हेड गॅस्केट फुटले आहे असे समजावे. येथे दिरंगाई महागात पडते. मात्र हे सारे करण्यापूर्वी काटाच खोटे सांगत नाही ना, हे पाहावे. सेन्सरची तार सैल असली तरीही तो नाचतो.

वाटेत वाफ दिसलीच तर गाडी बाजूस घेऊन इंजिन बंद करावे. झाकणाला निदान अर्धा तास हात लावू नये. दाबाखालचे पाणी अंगावर उसळते. आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी एकदम ओतू नये. त्याने हेडला तडा जाऊ शकतो.