परकोटावरची वाट



आजच्या व्याख्यानाचा विषय ‘वाट राखणे’ असा जाहीर झाला, तेव्हा हे प्रवचन आहे की काय, अशी शंका काहींना आली. तसे काही नाही. आम्हांला दगडामातीच्या वाटांविषयीच बोलायचे आहे, आणि तेही मुख्यतः आपल्या चांद्याच्या परकोटावरच्या वाटेविषयी. मात्र आरंभ थोडा दूरून करतो.

अमेरिकेच्या उत्तर भागात आणि कॅनडात हिवाळाभर बर्फ असते. त्यावरून धावणारी एक लहान मोटार तेथे वापरतात. तिला स्नोमोबाइल म्हणतात. कॅनडातील बाँबार्डिये यांनी १९५९ साली तिचा हलका, एकदोघांनी बसण्याजोगा नमुना बाजारात आणला आणि पाहता पाहता गावोगाव हौशी लोकांचे क्लब निघाले. वर्माँट संस्थानातील क्लबांनी १९६७ साली आपली मध्यवर्ती संघटना स्थापली. गंमत अशी की, तेथील वाटा बहुतांशी शेतकऱ्यांच्या आणि खाजगी रानवाल्यांच्या जमिनींतून जातात. बर्फ पडण्यापूर्वी क्लबाचे सभासद जाऊन आडवी पडलेली झाडे तोडतात, ओढ्यावर लाकडी साकव घालतात, पाट्या ठोकतात आणि जमीनमालकाच्या दारी जाऊन त्याची संमती मिळवतात. एका मालकाने नाही म्हटले, तर कोसच्या कोस लांब वाट मध्येच तुटते. म्हणून या मंडळींच्या एका हातात कुऱ्हाड आणि दुसऱ्या हातात अर्ज असतो. त्या गाड्यांचा गोंगाट फार, धूर फार, हिवाळ्यात अशक्त झालेल्या हरणांना त्यांचा उपद्रव होतो, या तक्रारी खोट्या नव्हेत. आम्ही गाडीचे वकीलपत्र घेतलेले नाही. आम्हांला त्या कुऱ्हाडीचे आणि अर्जाचे नाते तेवढे पाहायचे आहे.

आता चांद्याला येऊ. येथे बर्फ कुठले! येथे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो. पण वाटेचा प्रश्न तोच आहे. खांडक्या बल्लाळशाहाने राजधानी बल्लारपुराहून येथे आणली, सशाची गोष्ट तुम्हां सर्वांना पाठ आहे, ती सांगत नाही. त्या काळी पाया घातलेला परकोट पुढच्या गोंडराजांनी पुरा केला. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर हे चार दरवाजे, पाच खिडक्या, इरई आणि झरपट यांच्या काठाने वळत गेलेली भिंत, आणि भिंतीच्या माथ्यावर पहारेकऱ्यांना फिरण्यासाठी केलेली वाट. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी तोफांनी भिंत फोडून शहर घेतले. त्यानंतर पहारे उठले, आणि वाट राखणारा कोणी उरला नाही.

पुढचे काम झाडांनी केले. पक्ष्याच्या विष्ठेतून पिंपळाचे बी दगडांच्या सांधीत पडते, चुन्याच्या ओलाव्यावर रुजते, आणि मूळ जाड होऊ लागले की चिरे बाजूला सारते. वाटेवर काटेरी झुडपे, त्यांत केरकचरा. जन्मभर परकोटाच्या आत राहिलेल्या कित्येकांनी त्याच्या माथ्यावर कधी पाऊल ठेवले नव्हते.

१ मार्च २०१७ रोजी ‘इको-प्रो’ या येथील संस्थेच्या कार्यकर्त्यांनी, बंडू धोतरे यांच्या पुढाकाराने, ही भिंत साफ करावयास घेतली. मुहूर्त पाहा, ऐन मार्च! कामधंद्यापूर्वी पहाटे येऊन राबायचे आणि ऊन चढले की उतरायचे. काम दोनशे दिवसांहून अधिक चालले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील आपल्या भाषणात त्याचा उल्लेख केला. पण आमच्या मते कौतुकाहून मोठी गोष्ट निराळीच झाली. वाट मोकळी होताच त्या वाटेने लोकांना इतिहास दाखवत नेणाऱ्या फेऱ्या सुरू झाल्या. आधी खुरपे, मग पाऊल.

येथे अर्जाची बाजू येते. परकोट हे संरक्षित स्मारक आहे. १९५८ च्या कायद्याने पुरातत्त्व खात्याच्या संमतीवाचून त्याला हात लावता येत नाही, आणि २०१० च्या दुरुस्तीने भोवतालच्या शंभर मीटरांत नवे बांधकामही करता येत नाही. हे बंधन काहींना जाचक वाटते. आम्हांला ते योग्य वाटते. उत्साहाच्या भरात पिंपळाचे जाड मूळ हिसकले, तर त्याबरोबर चार चिरे खाली येतात. आणि नुसते वरून छाटले, तर दुसऱ्या पावसाळ्यात ते दुप्पट फुटते. म्हणून गवत आणि कचरा स्वयंसेवकाने काढावा, पण मूळ मारणे आणि चुना भरणे हे जाणकाराच्या देखरेखीखालीच व्हावे.

‘हे सरकारचे काम, तुम्ही का करता?’ असे विचारणारे भेटतात. त्यांना आम्ही फार उत्तर देत बसत नाही. दुसरी एक तक्रार मात्र अधिक खरी आहे. भिंतीला लागून घरे आहेत, आणि माथ्यावरून चालणाऱ्याला खालचे अंगण, न्हाणीघर, वाळत घातलेले कपडे सारे दिसते. त्या घरातील बाईने ‘वर माणसे नकोत’ म्हटले, तर तिला इतिहासाचे प्रेम नाही असे म्हणणे हा उद्धटपणा होईल. वर्माँटचा क्लबवाला ज्याच्या दारी जातो, तो जमीनमालक आपल्याकडे ही बाई आहे. तिच्या दारी अजून पुरेसे कोणी गेलेले नाही.

याच मुलुखात उलट्या टोकाचेही उदाहरण आहे. धानोऱ्याजवळच्या मेंढा-लेखा गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू विकावयाचा तर वाहतुकीचा परवाना वनखात्याच्याच हाती. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत ते परवानापुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. तेथे लोकांनी कित्येक वर्षे आधी जंगल राखले, अभ्यासगटांत बसून कायदा वाचला, सर्वांची सहमती होईपर्यंत निर्णय घेतला नाही, आणि त्या बळावर हक्क मागितला. चांद्यात आपण राखण्याचे काम केले आहे. मागायचे काय, हे अजून नीट ठरवलेले नाही. माथ्यावरची वाट कोणत्या वेळी खुली असावी, कोणत्या भागात घरांच्या बाजूला आडोसा उभारावा, पावसाळ्यानंतरची पहिली छाटणी कोणी करावी, याचा लेखी मसुदा नागरिकांकडून खात्याकडे जावयास हवा. श्रोत्यांमध्ये परकोटालगत राहणारी मंडळी बसलेली दिसतात. अध्यक्षांची अनुज्ञा असेल, तर आता आम्ही थांबतो आणि प्रथम त्यांनीच बोलावे.